मूळ संच नसलेला बँड कसा ऐकावा

खरं तर हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' हे शब्द वाचत आपण मोठे झालो. बालगंधर्वच्या खिडकीवर तिकीट काढताना आपला पहिला प्रश्न असतो, 'कोण कोण आहे?' सीट कुठली ते नंतर. बँडच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न आपण पैसे भरून, आत शिरून, तिसरं गाणं सुरू झाल्यावर विचारतो. मग पुढचा तासभर 'तो लांब केसांचा दिसत नाही रे कुठे' असं म्हणत माना उंचावण्यात जातो.

मी नारायण पेठेतला. काकांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. सोळाव्या वर्षापासून मी वायरी गुंडाळल्या, कर्णे उतरवले, 'हॅलो माइक टेस्टिंग' केलं. संगीताचं शास्त्र मला येत नाही. आवाज कुठून निघतो आणि कुठे अडतो, एवढं कळतं. पुण्यात आणि पुण्याबाहेर जुने बँड पाहताना एखादा नवा गडी समोर आला की माझंही तोंड आधी वाकडं व्हायचं. आता होत नाही. ते कसं जमलं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. क्वीनचंच बघा. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, १९९१ मध्ये गेला आणि बासवाला जॉन डीकन १९९७ मध्ये निवृत्त झाला. उरलेले दोघं गायक अ‍ॅडम लॅम्बर्टला घेऊन वाजवतात तेव्हा नाव 'क्वीन प्लस अ‍ॅडम लॅम्बर्ट' असं लावतात. त्या 'प्लस'मध्ये प्रामाणिकपणा आहे. आम्ही तेच आहोत असं ते म्हणत नाहीत, आम्ही अधिक हा असं म्हणतात. यूबी-फोर्टीचं दुसरंच. गायक अ‍ॅली कॅम्पबेल २००८ मध्ये बाहेर पडला आणि पुढे एक यूबी-फोर्टी आणि एक 'फीचरिंग अ‍ॅली कॅम्पबेल' अशा दोन चुली झाल्या. तिकीट कुठल्या चुलीचं आहे ते घरीच बघायला हवं, मैदानाच्या फाटकावर नव्हे.

मी स्वतः एकदा फसलोय. पोस्टरवर जुना चौघांचा फोटो, खाली 'लेजंडरी' हा शब्द. लेजंडरी दिसलं की खिसा घट्ट धरावा हे तेव्हा ठाऊक नव्हतं. स्टेजवर जुन्यांपैकी एकजण, तोही खुर्चीत. सोबतीला तीन तरुण. आणि गाणं? गायिकेने पाणी प्यायला बाटली तोंडाला लावली आणि तिचा आवाज चालूच. आयोजकांकडे गेलो तर म्हणाले, 'काका, नाचा ना!' नाव सांगत नाही, पण त्या दिवसापासून पोस्टरवरच्या फोटोवर विश्वास ठेवणं बंद केलं. मागच्या दोन-तीन महिन्यांतला कुणीतरी मोबाइलवर काढलेला हलता-डुलता व्हिडिओ शोधा. तोच खरा. त्यात कोण कोण उभं आहे ते मोजा. सेटलिस्ट डॉट एफएमवर हल्लीच्या कार्यक्रमांत कुठली गाणी झाली तेही बघून ठेवा. न होणाऱ्या गाण्याची वाट बघत उभं राहण्यासारखा दुसरा छळ नाही.

दुसरी गोष्ट जरा जड आहे. 'मूळ' म्हणजे कोण, हे एकदा नीट तपासून बघा, कारण बहुतेकदा आपला मूळ संच मूळचा नसतोच. डीप पर्पल १९६८चा. 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवणारे जे पाच जण डोळ्यासमोर येतात, त्यातले गायक गिलन आणि बासवाला ग्लोव्हर १९६९ मध्ये आले. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणून कुरवाळतो तो संच दुसरा! पहिल्या दिवसापासून आजतागायत टिकलेला एकच, ड्रमवाला इयन पेस. गिटारवर ब्लॅकमोर होता, मग बरीच वर्षं स्टीव्ह मोर्स, आणि २०२२ पासून सायमन मॅकब्राइड. आयर्न मेडनच्या पहिल्या दोन अल्बमवर पॉल डिआनो गातो. ज्याच्याशिवाय मेडन ही कल्पनाच करवत नाही तो ब्रूस डिकिन्सन १९८१ मध्ये आलेला 'नवा गडी'.

बोनी एमचं ऐकाल तर हसाल. आमच्या पेठेत गणपतीत आम्ही बोनी एम इतकं वाजवलंय की कॅसेटची फीत पांढरी पडली. त्यात जो खर्जातला पुरुषी आवाज आहे तो स्टेजवर नाचणाऱ्या बॉबी फॅरेलचा नाहीच. तो निर्माता फ्रँक फारियनचा. चौघांपैकी रेकॉर्डवर गायल्या त्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट. म्हणजे मूळ संच मूळ संच म्हणून ज्यासाठी जीव टाकायचा, तो पहिल्या दिवसापासून अर्धा कॅसेटच्या बाहेरच होता. हे कळल्यावर माझा निम्मा हट्ट गळाला.

आणि आपल्याकडे बघा. विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँड आला की लक्ष्मी रोडवर लोक पुढे सरकतात. क्लॅरिनेटवर यंदा कोण आहे असं आजवर एकाने तरी विचारलंय? सूर लागला की झालं.

तिसरी गोष्ट, आणि इथे मी रेंगाळणार आहे. गेलेला माणूस नेमकं काय काम करत होता ते लिहून काढा. 'तो नाही' एवढं पुरत नाही. काय नाही ते कळलं पाहिजे. माझ्याकडे काकांच्या धंद्यातली एक जुनी भाडेवही आहे, निम्मी कोरी. तिच्यात रकाने छापलेत: 'माल दिला', 'परत', 'तूट'. तूट म्हणजे मांडवातून परत येताना हरवलेला माइक, तुटलेला स्टँड, उंदराने कुरतडलेली वायर. काका ती तूट गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचायचे. मी त्याच वहीत बँडचे हिशेब लिहितो.

इंडियन ओशनचा हिशेब असा. दिल्लीचा बँड, १९९०चा. सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबल्यावर आणि गळ्यावर, राहुल राम बासवर, अमित किलम ड्रमवर. अमित मध्येच गबगुबी हे तारेचं लोकवाद्य घेतो, मध्येच रेकॉर्डर ही पाश्चात्य बासरी. 'कंदिसा' हा अल्बम २००० मध्ये आला तेव्हा तो आमच्याकडे इतका चालला की भाच्याच्या मुंजीत मी जेवणाच्या पंगतीला तोच लावला होता आणि गुरुजींनी काही म्हटलं नाही. या चौघांना मी पुण्यात एका कॉलेजच्या मैदानावर ऐकलं. असीम मांडी घालून तबल्याशी बसलेला, तोंड माइकला, डोळे मिटलेले. हातात ठेका आणि गळ्यात तान एकाच वेळी. मी मिक्सरपाशी उभा होतो. साउंडवाला मला म्हणाला, 'ह्या माणसाचे माइक लावताना घाम निघतो. गळ्याचा माइक तबला ओढतो, तबल्याचा माइक गळा ओढतो.' मला तेव्हा गंमत वाटली होती.

२५ डिसेंबर २००९ला असीम गेला. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडला. मग मी ठरवलं की संपलं, आता कॅसेटच.

पुढे भाच्याने ओढत नेलं. डीपी रोडकडच्या एका लॉन्सवर, डिसेंबरची थंडी, मी कानटोपी घालून आणि रुसून. स्टेजवर बघतो तर पाच जण. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशू जोशी. म्हणजे असीमच्या एका जागेवर दोन माणसं! ते बघितलं आणि मला त्या साउंडवाल्याचा घाम आठवला. एक माणूस किती काम करत होता ते तो असताना कळलं नव्हतं. त्याच्या जागी दोघं बसले तेव्हा कळलं. आणि दुसरं असं की, तबला आणि गळा वेगळे झाल्यामुळे दोन्ही स्वच्छ ऐकू येत होते. हिमांशूला उभं राहता येत होतं, लोकांशी बोलता येत होतं. तुहीनला गाण्याची काळजी नव्हती, तो मोकळा सुटला होता. गिटारवर निखिल राव. सुस्मितची ती ठिबकणारी, वर्तुळात फिरणारी सुरावट त्याने उतरवून काढायचा हट्ट धरला नाही. इलेक्ट्रिक गिटारची लांब, ताणलेली ओळ काढली. पहिल्यांदा मला ती टोचली. 'मा रेवा'ला लोक गायला लागले तेव्हा टोचेनाशी झाली.

घरी येऊन वही काढली. ती नोंद शेवटी सांगतो.

हा हिशेब कुठल्याही बँडला लावता येतो. जॉन मॅकलॉफलिन आणि झाकीर हुसेन यांच्या 'शक्ती' या बँडचं बघा. मँडोलिन वाजवणारे यू. श्रीनिवास २०१४ मध्ये गेले. नंतर त्यांनी दुसरा मँडोलिनवाला शोधलाच नाही. गणेश राजगोपालन व्हायोलिन घेऊन आले आणि ती जागा वेगळ्या लाकडाने भरली. घटमवाल्या विक्कू विनायकरामांच्या जागी तर त्यांचा मुलगाच, सेल्वागणेश. एसी/डीसीत माल्कम यंगच्या जागी पुतण्या स्टीव्ही. घरातल्या घरात. उलट १९९९ मध्ये आयर्न मेडनमध्ये जुना गिटारवाला एड्रियन स्मिथ परत आला, तेव्हा मधल्या काळात आलेल्या यानिक गर्सला त्यांनी घालवलं नाही. तेव्हापासून तीन गिटारी. २००८ च्या १ फेब्रुवारीला मुंबईत बीकेसीत ते तिघं शेजारी शेजारी बघितले तेव्हा मी वहीत लिहिलं: 'आला १, गेला ०, तूट नाही, वजन जादा.' तसा नवा गडी आता तिथेही आहे. निको मॅकब्रेनने डिसेंबर २०२४ मध्ये दौरे थांबवले, ड्रमवर सायमन डॉसन बसतो.

चौथं, पट्टी. आपण शास्त्रीय मैफलीत म्हाताऱ्या गवयाने पट्टी उतरवली तर 'वय झालं' म्हणून आदराने मान हलवतो. रॉकवाल्याने उतरवली तर 'आवाज गेला' म्हणतो. असं का? गिटारची जाड तार सहसा पांढरी तीनला मिळवलेली असते. बरेच जुने बँड ती अर्ध्या सुराने उतरवून काळी दोनला आणतात, काही जण पांढरी दोनला. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असतं, घरी मूळ रेकॉर्ड आणि नव्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दोन्हीला लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एकदा कळलं की मैदानावर 'काहीतरी बसत नाहीये' ही चुटपुट लागत नाही. आपला कान जुन्या पट्टीची वाट बघत असतो, दोष गाणाऱ्याचा नसतो. आणि जिथे पट्टी उतरवूनही भागत नाही तिथे शहाणे लोक गाणंच सोडून देतात. गिलन १९४५चा. 'चाइल्ड इन टाइम'मधल्या त्याच्या त्या किंकाळ्या १९७०च्या अल्बमवरच्या. ते गाणं त्यांनी कार्यक्रमातून केव्हाच काढलं. ते ओरडून मागू नका. वाईट दिसतं.

कार्यक्रमाआधी आठ दिवस जुनी रेकॉर्ड बंद. हा माझा नियम, घरचे हसतात. पण श्रीखंड खाऊन वर चहा घेतला की चहा पाणचट लागतो, तसंच हे. नव्या संचाचं काही निघालं असेल तर तेवढं एकदा ऐकून जावं. इंडियन ओशनचा 'तू है' २०२३ मध्ये आला. तो ऐकून गेलेल्याला कार्यक्रमातली निम्मी गाणी 'अनोळखी' वाटत नाहीत, आणि मुतारीला कधी जायचं हा प्रश्नही वेगळ्या गाण्यांवर सुटतो.

आता उभं कुठे राहायचं. पुढच्या कठड्याला चिकटणारे लोक चेहरे बघायला जातात. तिथे तुम्हाला ड्रम थेट स्टेजवरून आणि गळा बाजूच्या बॉक्समधून ऐकू येतो, त्यामुळे गाणं कधी एकजीव होत नाही. मैदानाच्या मध्यावर मिक्सरचा तंबू असतो. त्याच्या चार पावलं पुढे, किंचित नव्या माणसाच्या बाजूला उभे राहा. साउंडवाला स्वतःच्या कानाला बरं वाटेल असं मिक्स करतो, आणि त्याचा कान तिथे असतो. फुकटात मिळणारी याहून चांगली जागा नाही. पहिल्या दोन गाण्यांवर मत देऊ नका. माणसं आत आली की आवाज बदलतो, अंगावरचे कपडे आवाज पितात, साउंडवाल्याला पुन्हा जुळवावं लागतं. नव्या गिटारवाल्याची गिटार ऐकू येत नाही म्हणून त्याला शिव्या घालणारे मी पाहिलेत. चूक बहुतेकदा मिक्सरवरच्या बोटाची असते, तिसऱ्या गाण्याला सुधारते.

आणि कानात बोळे घाला, लाजू नका. माझ्या उजव्या कानात सतत बारीक शिट्टी वाजते, तो कर्ण्यांचा प्रसाद आहे.

गाणं चालू असताना गायकाकडे बघू नका, बास आणि ड्रमकडे बघा. इशारा कोण देतं ते शोधा. जुना संच वर्षानुवर्षं एकमेकांकडे न बघता वाजवतो. नव्यात कुणीतरी मान वर करून 'आता' म्हणतो, भुवई उडवतो. इंडियन ओशनमध्ये मी राहुल रामकडे बघत बसतो. तो हसला की पुढच्या आवर्तनात काहीतरी होणार हे नक्की. नवा माणूस मुरला की नाही याची माझी खूण एकच आहे, जुना गडी त्याच्या वादनाला हसतो का. प्रेक्षकांकडे बघून सगळेच हसतात.

बाकी पुण्याचं. उघड्यावर असेल तर रात्री दहाला आवाज बंद होतो, ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, आणि बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच मिळते. म्हणून मुख्य बँड साडेआठच्या आत चढतो. 'नऊला जाऊ, तोपर्यंत लोकल बँड असतात' असं म्हणणाऱ्यांनी परतीच्या गर्दीतच बँडची भेट घेतली आहे. आणि ते लोकल बँडही ऐका की. २०१० मध्ये एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला, तिथे दुपारच्या उन्हात रिकाम्या मैदानापुढे वाजवणाऱ्यांमधले काही आता जुने जाणते झालेत, त्यांचेही संच बदललेत. विमाननगर-खराडीकडे असेल तर गाडी घरी ठेवा, वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रो आहे, फक्त शेवटची कधी ते आदल्या दिवशी बघा. लॉन्सवर पावसाळ्यानंतर महिनाभर पांढरे बूट घालू नयेत. झालं.

एक चूक मात्र करू नका, ती मी केली आहे. जानेवारी २०२३ मध्ये शक्ती मुंबईत होती, पन्नाशीच्या दौऱ्यात. मॅकलॉफलिन, झाकीरभाई, शंकर महादेवन, सगळे. भाचा तिकीट काढत होता. मी म्हटलं, श्रीनिवास नाहीत, आता काय जायचं, शिवाय एक्स्प्रेस-वेला ट्रॅफिक. पुढच्या वेळी बघू. १५ डिसेंबर २०२४ला झाकीरभाई गेले. भाडेवहीत त्या कार्यक्रमाचं पान नाही.

तर इंडियन ओशनची ती नोंद. 'माल दिला' खाली लिहिलंय: असीम, तबला व गळा, नग १. सुस्मित, गिटार, नग १. 'परत'खाली: तुहीन, हिमांशू, निखिल, नग ३. 'तूट'खाली त्या रात्री मी मिटल्या डोळ्यांचा उल्लेख केला होता, तो अजून तसाच आहे. पुढे दोन वेळा त्यांना ऐकल्यावर त्याच ओळीत, शाईच्या दुसऱ्या रंगात, 'निखिलची लांब ओळ, जादा' असं घातलं. भाचा म्हणतो, मामा, हा हिशेब जुळत नाही. काकांचाही कधी जुळायचा नाही, ते वही मिटून चहा सांगायचे.